जिना तेवढा शिकवू नका!

घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना चालवणं, हा माझा धंदा. फिजिओथेरपिस्टला प्रत्येक घरी चहा मिळतो आणि चहाबरोबर एक किस्सा. वीसेक वर्षांत इतके साचलेत की मैत्रिणींना हसत हसत सांगते. न हसता सांगायचे म्हटले तर शिव्याच येतील तोंडात!

पहिल्या दिवशी मी पेशंटला एकच विचारते, "तुम्हाला स्वतःचं स्वतः काय करायचंय?" उत्तर बहुतेक वेळा शेजारी उभा असलेला मुलगा देतो.

इतवारीतले अण्णाजी मात्र स्वतः बोलले. खाली भांड्यांचं दुकान, वर घर. अर्धांगातून उठलेला माणूस. "मले दुकानात जाऊन बसाचं आहे." चार महिन्यांत हॉलभर चालायला लागले. मी म्हटलं, उद्यापासून जिना! थोरल्या मुलानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, घरातल्या घरात पाहिजे तेवढं चालवा. जिना तेवढा शिकवू नका. खाली आले का आमच्या डोक्याले ताप!"

मी शिकवलाच. सहाव्या पायरीपर्यंत आलो आणि मला मेसेज आला, उद्यापासून येऊ नका. उरलेल्या दहा पायऱ्या तशाच राहिल्या.

एका काकूंच्या परदेशातल्या मुलीला पाठवायला व्हिडिओ हवा होता. सुनेनं काकूंना नवी साडी नेसवली, मोबाइल धरला, काकू आठ पावलं चालल्या. "झालं मॅडम, मस्त आलं! आता बसवून द्या त्यांले." काकूंना अजून चालायचं होतं.

रिटायर्ड हेडक्लार्क काकांची मागणी साधी होती. संडासात एकट्यानं जायचं आणि आतून कडी लावायची. दोन महिने घाम गाळला बिचाऱ्यांनी. ज्या दिवशी एकटे पोचले, त्या दिवशी पाहतो तर दाराला कडीच नाही! घरच्यांनी 'सेफ्टी'साठी काढून टाकलेली. काका म्हणाले, "मॅडम, तुमचं काम झालं. आता सुताराले पाठवा."

मी हसले. घरी येऊन रडले, हे कुणाला सांगत नाही.

एक मात्र सांगते, पेशंटच्या तब्येतीबद्दल मी कधी खोटं बोलत नाही. म्हणजे बोलत नव्हते.

शेवंताबाई हुडकेश्वरला एकट्या राहायच्या. तिथंच पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. सकाळी दूधवाला येईपर्यंत फरशीवर पडून होत्या. ऑपरेशननंतर मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांना आपल्या फ्लॅटवर आणलं. बऱ्या होईपर्यंत, असं ठरवून! तो ऑफिसला गेला की बाई काठीशिवाय हॉलमध्ये बारा फेऱ्या मारायच्या.

एका शनिवारी तो घरी होता. "मॅडम, आई चालाले लागली का तिच्या घरी सोडून देतो. अजून किती दिवस?"

मी म्हटलं, "बाई, उठून दाखवा."

बाई उठल्या. दोन पावलं टाकली, लटपटल्या आणि माझा खांदा गच्च धरला. माझ्याकडे पाहिलं नाही. बोटं मात्र खांद्यात रुतली होती.

मुलगा उत्तराची वाट पाहत होता.

"तीन महिने तरी लागतील," मी म्हटलं.

सोमवारी बेल वाजवली. दार शेवंताबाईंनीच उघडलं, काठीबिठी काही नाही. मला आत घेतलं, दार लावलं आणि हळूच म्हणाल्या,

"तीनच महिने काहून सांगतले वं पोरी?"