हिरीतली तालीम

हसायचं आसंल तर आदीच हसून घ्या, मधी फिदीफिदी करू नका. माझं डोकं अजून तापलेलंच हाय.

आमच्या गावच्या यात्रंत पालखीच्या उजव्या दांड्याचा मान आमच्या घराचा. बापामागं मी. पण दोन वर्सं झाली, गुडघं करकरत्यात. धाकट्या भावाचा, तानाजीचा, त्या दांड्यावर डोळा. म्हणाला, "दादा, आता तुमी देवळात चपला राखा. पालखी आमी बघतो."

लय झोंबलं बगा. सांगलीला जाऊन डॉक्टर गाठला. त्यो म्हणाला, "छातीएवढ्या पाण्यात चाला. पाण्यात अंग हलकं होतं, गुडघ्यावर भार येत नाही. पण रोज थोडं जमिनीवरही चालायचं."

मी पयलं तेवढं ऐकलं.

उन्हाळ्यात आमच्या हिरीत छातीएवढंच पाणी. रोज सकाळी उतरायचो आन् काठाकाठानं गोल फेऱ्या मारायचो. गुडघा दुखंना, दम लागंना, घाम तर न्हाईच. आता पाण्यात घाम कसा दिसंल, ह्ये माझ्या डोक्यात का आलं न्हाई, देव जाणं. पोरानं दिलेलं मनगटावरचं घड्याळ सुदिक काळजाचं ठोकं दाखवायचं ते ओसरीवर बसल्यागत. मला वाटलं, विशी परत आली.

बायको वरनं वराडायची, "आवं, जरा बांधावरनंबी चाला."

"गप गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

बरं, एवढ्यावर थांबावं का न्हाई? पारावर चार माणसांत तानाजीला सांगून बसलो, "देवळापासनं येशीपतोर खांदा बदलणार न्हाई. बदलला तर मान तुझा."

यात्रा आली. गुलाल उधळला, दांडा खांद्यावर घेतला. धाव्या पावलाला गुडघं बोलाय लागलं. इसाव्या पावलाला छाती भात्यागत हलाय लागली, आन् ते घड्याळ असं बोंबलाय लागलं की ढोलवाला वाजवायचं सोडून माझ्याकडं बगाय लागला.

देवळाचं पटांगण सुदिक सरलं न्हवतं. पाय लटपटलं, आन् तानाजीनं मुकाट दांडा आपल्या खांद्यावर घेतला. त्येचाच जास्त राग आला.

मला पायरीवर बसवलं, चपलांच्या ढिगाशेजारी. कुणीतरी म्हणालं, "पाणी आणा रं, पाणी." तांब्या आला.

तवर बायको गर्दीतनं म्होरं आली. समद्या गावादेखत म्हणाली, "तांब्याभर पाण्यानं काय व्हतंय? उचला आन् हिरीत नेऊन सोडा. तितं पळत्यात ह्ये."