भिमाबाईची कोरी भिंत

घोटीजवळच्या आमच्या वाडीत भिमाबाईचं घर बघायला लोक गाडी करून येतात. घर कसलं, प्रदर्शनच! सिमेंट कमी करून त्याजागी भाताच्या तुसाची राख घातली आणि त्या काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या. गंगापूर रोडवरच्या एका संस्थेनं हे घर फुकट बांधून दिलं. अट एकच. राखेची भिंत कशी टिकते ते पाहायचंय, म्हणून दहा वर्षं प्लास्टर नाही, रंग नाही, खिळा नाही. अट मोडली तर घर संस्थेचं. फुकट ते पौष्टिक म्हणत नवरा झिपरू अंगठा देऊन मोकळा झाला आणि जुनं कुडाचं घर पाडून बसला.

तेव्हापासून भिमाबाई स्वतःच्याच घरात पाहुणी. धुरानं भिंत काळी होईल म्हणून चूल बाहेर, देवाचा फोटो पत्र्याच्या डब्यावर. सारवायला हात शिवशिवतात, पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग लेकीचं, सविताचं लग्न ठरलं. आमच्याकडे सासरी निघताना नवरी दाराच्या आत भिंतीवर हळदीचे हात उमटवते. भिमाबाईनं संस्थेच्या शुभांगी मॅडमपुढे हात जोडले.

"येक डाव, मॅडम. लेकीचे दोनच हात."

"मावशी, हळद भिंतीत मुरते हो. सगळी तपासणी वाया जाईल. कापड लावा ना, त्यावर उमटवू दे तिला."

मॅडम वाईट नव्हत्या, हेच वाईट. भांडायचं तरी कुणाशी?

कापड लावलं. हळदीचे हात घेऊन सविता त्याच्यापुढे उभी राहिली. "आये, कापड तर उद्या धुवून निघंल," म्हणाली, आणि कोपरानं ते बाजूला सारून तिनं दोन्ही हात भिंतीवर दाबले. चुन्यानं हळद लाल होते, तसे सिमेंटवर ते हात लालभडक झाले.

पुढच्या आठवड्यात संस्थेची गाडी आली. भिमाबाई धावत जाऊन त्या जागेला पाठ लावून उभी राहिली. चहासुद्धा झिपरूला करायला लावला.

"मावशी, जरा सरकता? भिंतीचा फोटो घ्यायचाय."

"माझ्यासकट काढा."

घराचा केवढा अभिमान, म्हणत मॅडमनी फोटो काढला.

दिवाळीला सविता माहेरी आली. "आये, चार दिस माझ्याकडं ऱ्हायला चल," म्हणाली.

"कशी येऊ, बाय? गाडी कवा येईल नेम नाय. मी हलले, का तुझे हात दिसतील."