कुत्रीच्या पिल्लांवर प्लास्टिक बांधू नका

बायांनो, मंडळाच्या फळ्यावर मी कधी लिहीत नाय. आज लिहिते, अक्षर वाकडं हाय, तसंच वाचा.

आमची राखणीची कुत्री बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीखाली व्यालीय. थंडी पडली म्हणून मी गोणपाटात भाताचा पेंढा भरून तिला बिछाना करून दिला होता. काल संध्याकाळी माझ्या धाकट्या जावेनं त्यावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी घट्ट बांधला.

सकाळी कागद सोडला तर आतून पाणी ठिबकत होतं. कोंडलेल्या वाफेनं पेंढा पार भिजला होता. तीन पिल्लं आईला चिकटून थरथरत होती. चौथं बाजूला गार पडलं होतं.

जाऊ बोलली, "बाय, मी दव लागू नये म्हणून केलं गं."

"ठाऊक हाय. रडत बसू नको, सुका पेंढा आण."

पिल्लू मी वाळूत पुरलं. कुत्री बघत होती. मला काय वाटलं ते मलाच कळलं नाय. हात धुतले आणि वलांडीवर बोंबील टाकायला लागले.

आता खाली फळी ठेवलीय, म्हणजे जमिनीची ओल चढत नाय. वाऱ्याच्या बाजूला नुसतं गोणपाट लावलंय, पुढून उघडं. दोन पिल्लं दूध ओढतात, तिसरं नीट ओढत नाय. जाऊ त्याला पदरात घेऊन बसलीय, जेवलेली नाय. तिला शिकवायला कुणी येऊ नका.

पेंढा रोज बदलायला हवा आणि आमच्याकडचा आज संपला. कुणाकडे सुका हाय?