पटलं नसेल तर

"पटलं नसेल तर मान डोलावू नका," असं म्हणत मॅडम चष्मा काढायच्या आणि समोरच्याकडे रोखून बघायच्या. चष्म्याशिवाय त्यांना धड दिसत नसे, तरी समोरचा चपापायचाच.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्याच राहायच्या. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये त्या आम्हाला युरोपातलं प्रबोधन समजावून सांगायच्या. एकाच येशूला मानणारी माणसं एकमेकांना जाळत होती, तेव्हा काहींनी विचारलं की आगीच्या भीतीनं कबूल केलेली श्रद्धा देवाच्या तरी काय कामाची? हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा. आमचे सेक्रेटरी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायचे. "वा मॅडम! काय माणसं होती!"

मग मॅडमनी वरचा आपला रिकामा फ्लॅट एका तरुण मुस्लिम प्राध्यापकाला भाड्यानं द्यायचं ठरवलं. त्याच हॉलमध्ये मीटिंग बसली. त्यालाही बोलावलं होतं.

"आमचा विरोध नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. "फक्त त्यांनी सगळ्यांसमोर कबूल करावं. घरात नमाज नाही. आणि गणपतीच्या आरतीला सहकुटुंब उभं राहायचं."

लोक चहात बिस्किटं बुडवत होते. कुणाचाच घास अडकला नाही. तुम्हीही असे चेहरे पाहिले असतील. मला किळस आली.

तो प्राध्यापक उठला. बायको गरोदर होती, घर तातडीनं हवं होतं. "मान्य आहे सर, सगळं," तो खाली बघत म्हणाला.

"तुम्ही हो म्हणू नका!" मॅडम ओरडल्या. "यांना तुमचा होकार नकोय, तुम्हाला वाकवायचंय!"

सेक्रेटरी हसले. "बघा, मॅडमच नको म्हणतायत."

"मला घर हवं होतं, मॅडम," तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

मॅडम खुर्चीत बसल्या. "त्याच्या वतीनं नाही म्हणणारी मी तरी कोण?" त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागायला गेल्या. त्यानं चहा दिला, पण घर नको म्हणाला.

त्यानंतर रविवारची व्याख्यानं बंद झाली. दोन्ही फ्लॅट विकून मॅडम सायखेड्याला बहिणीकडे निघाल्या. टेम्पो सुरू झाला, तेव्हा सेक्रेटरी शाल-नारळ घेऊन धावत आले. मॅडमनी काच वर केली.

टेम्पो वळला. सेक्रेटरी नारळ कुरवाळत मला म्हणाले, "विद्वान बाई, पण जरा हेकट. नाही का?"

मी मान न डोलावता घरी आलो.