मोरीची जाळी

माझा उजवा हात कोपरापर्यंत मोरीत होता. तेव्हाच शेठनं वरून उकळतं पाणी ओतलं.

"थांबा शेठ, हात हाय आत," एवढंच मी म्हणाले होते. त्यानं ऐकलं. ऐकून ओतलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी कातडी निघाली. मी किंचाळले. बाहेर मिसळ खाणारी माणसं वळून बघायला लागली, त्याचाच त्याला राग आला. म्हणाला, "गप. तुम्हा लोकांची कातडी जाड असते."

तुम्ही लोक म्हणजे कोण, ते सांगायची त्याला गरज नव्हती. मी पेठ तालुक्याकडची, आदिवासी. गंगापूर रोडला त्याच्या मिसळीच्या हॉटेलात सहा वर्षं भांडी घासली, मोऱ्या साफ केल्या. आत यायचं ते मागच्या बोळातून. माझा चहाचा पेला वेगळा, मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. मी तो उचलून मुकाट चहा प्यायचे. आता तो पेला आठवला तरी डोकं फिरतं.

त्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी नाशकात मिसळीला जत्रा लोटते. मोरीच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. मटकी, कांदा, पावाचा लगदा तिच्यावर अडकतो. तो सारखा हातानं उचलून टाकायचा, म्हणजे पाणी चालतं. पण शेठला घाई. पाणी साचलं की तो लाथेनं जाळी उडवायचा. दर रविवारी. मग सगळं खाली, वरून तर्रीचं तेल. थंडीत ते पाइपात तुपासारखं थिजतं. उकळतं पाणी टाकलं की वितळतं, चार हात पुढं जातं आणि मागच्या बोळातल्या गटाराच्या चेंबरात परत थिजतं. हे मी त्याला दहादा सांगितलं असेल. तू मला धंदा शिकवणार का, म्हणायचा. मग मीही सांगायचं सोडून दिलं. ती माझी चूक.

तर त्या सकाळी पाणी उलटं आलं. खरकटं, तेलकट, नाक जाळणारं पाणी थेट गिऱ्हाइकांच्या पायाशी. शेठनं माझी मानगूट धरून मला बाहेर ओढलं आणि सगळ्यांपुढं उभं केलं. हिनं तुंबवलं, म्हणाला. मला माफी मागायला लावली. मी हात जोडून म्हणाले, माझं चुकलं. सांगायला लाज वाटते, पण म्हणाले. एका बाईनं पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि पाव तोडला. मग त्यानं मला आत नेऊन मोरीत हात घालायला लावला, आणि वरून ते पाणी ओतलं.

तरी पाणी उतरलं नाय. उतरणार कसं, चेंबरच गच्च होतं. त्यानं मला बोळात नेलं, भाजल्या हातानं पहार धरायला लावून चेंबरचं झाकण काढायला लावलं. झाकण सरकलं तसा सडक्या अंड्याचा भपकारा घशात गेला. चेंबर माझं डोकं बुडेल एवढं खोल.

"उतर," शेठ म्हणाला.

आत वायू हाय, उपसायची गाडी बोलवा, मी म्हणाले. गाडी यायला दुपार होईल, माझा रविवार जाईल, तो म्हणाला. आणि मागून ढकललं. माझा एक पाय आत गेला.

आमच्याकडं जुन्या विहिरीत उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून सोडतात. विझला तर माणूस उतरत नाय. इथं कंदील मीच होते.

पहार हातात होती. पाय वर ओढला आणि डाव्या हातानं ती फिरवली. त्याच्या नडगीवर बसली आणि तो गुरासारखा कोसळला. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला, मनगट धरलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत चेंबरात कोंबला. मेलो मेलो ओरडायला लागला. "बघू दे, तुम्हा लोकांची कातडी कशी हाय," मी म्हणाले. आचारी दारात उभा होता. सोडवायला आला नाय. नंतर चौकीत म्हणाला, मी काहीच पाहिलं नाय.

चौकीत साहेब मला समजावत होते. माफी माग, शेठ तक्रार मागं घेईल, कामावरही ठेवील. पदरात बांधून आणलेली जाळी मी त्यांच्या टेबलावर ठेवली. तिला अजून मटकी चिकटलेली होती.

"माझा हात लिहा. ही जाळी लिहा. ते चेंबर लिहा," मी म्हणाले. "सकाळी माझं चुकलं म्हणाले, ते खोटं होतं. आता नाय म्हणणार."

लिहून घेईपर्यंत मी उठले नाय. संध्याकाळ झाली.

आता त्याची केस माझ्यावर हाय, माझी त्याच्यावर. काम गेलं. उजव्या हाताची मूठ पुरती वळत नाय. माझ्या जागी त्यानं सुरगाण्याकडची एक पोर ठेवलीय. तोच पेला तिला दिलाय. परवा बोळात गाठून तिला सांगितलं, जाळीला कुणाला पाय लावू देऊ नको. चेंबरात उतरायचं नाय, जीव गेल्यावर पगार मिळत नसतो. उतर म्हणाला, तर नुसती हाक मार. मी पलीकडच्याच वस्तीत राहते.

ती पहार पोलिसांनी ठेवून घेतली. मी दुसरी आणलीय, डाव्या हाताला पेलेल अशी.