टाक्या कापलेलं इंजिन

माझ्या बायकोच्या भावानं मस्कतहून आणलेलं ते इंजिन वीतभरसुद्धा नव्हतं. काळं, सहा चाकांचं, दोन्ही बगलांना पाण्याच्या चपट्या टाक्या. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायला असतं, तसलं शंटिंगचं इंजिन. अंग प्लॅस्टिकचं, पण कारागिरी अशी की टाकीवरचे रिवेटसुद्धा नखाला लागत. आमच्या घरी मूलबाळ नव्हतं. ते त्यानं आणलं होतं माझ्या वडिलांसाठी, ते रेल्वेतले म्हणून.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. सगळी नोकरी त्यांनी दौंडला काढली, वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून. रिटायर झाल्यावर मी त्यांना वाशीला आणलं. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि वाशीत नव्या वसाहतीतली दोन खोल्यांची जागा मला मिळाली होती. तेव्हा वाशीला खाडीपुलावरून बस यायची, कांद्याबटाट्याचे ट्रक यायचे, रेल्वे मात्र नुसती भाषणांतून यायची. दादांना ते गाव कधी मानवलं नाही. जिथं शिट्टी ऐकू येत नाही तिथं माणसाला वेळ कळते कशी, असं ते म्हणत. दर खंडेनवमीला पनवेलहून एसटी धरून दौंड गाठत. त्या दिवशी शेडमध्ये इंजिनं धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घालत, केळीचे खुंट बांधत, रुळावर नारळ फोडत. परत येताना ओल्या खोबऱ्याचा तुकडा रुमालात बांधून आणायचे आणि तो आम्हा दोघांना वाटायचे.

मग एका उन्हाळ्यात त्यांचं उजवं अंग गेलं. जीभ जड झाली. पुलापलीकडून बोलावलेल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि जेवढं सुधारेल तेवढं आपलं म्हणा, असं सांगून ते निघून गेले. सुधारलं काहीच नाही. आतल्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर दादा पडून असायचे. समोरच्या भिंतीवर त्यांचा एकुलता एक मोठा फोटो होता. मेलचं इंजिन, बंदुकीच्या गोळीसारखं पुढं निघालेलं तोंड, त्यावर चांदणी, गळ्यात झेंडूची माळ, आणि शेजारी हात टेकून उभे असलेले तरुण दादा.

त्या फोटोचा सल मी लहानपणापासून बाळगून होतो. मी चौथीत असताना दादा मेलवरून उतरले आणि यार्डात शंटर झाले. रेल्वे कॉलनीत मेलचा ड्रायव्हर म्हणजे गावचा पाटील आणि शंटर म्हणजे त्याचा म्हातारा बैल. कोणी म्हणे डोळे गेले, कोणी म्हणे लाल सिग्नल खाल्ला म्हणून साहेबानं खाली उतरवलं. शाळेत पोरं मला ‘ढकल्या’ म्हणायची. आदल्याच वर्षी आई तापानं गेली होती. दादा तेव्हा मेल घेऊन वाडी जंक्शनपर्यंत गेले होते. ते घरी पोचले तोवर शेजारच्यांनी सगळं उरकलं होतं. त्यांच्या वाट्याला राख आली. आधी आई गेली आणि मग मेल गेली, असा हिशेब मी मनाशी मांडून ठेवला होता. पुढं दादांनी यार्डातल्या वर्षांबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पाहुण्यांना फोटो दाखवायचे तो मेलचाच. ते लाजेनं गप्प आहेत, असं मी धरून चाललो. मलाही लाज वाटायची. ती त्यांच्याबद्दल होती की त्यांच्यासाठी, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मेहुण्यानं इंजिन दिलं तेव्हा दादांनी ते डाव्या हातानं छातीवर धरलं. अंगठा टाकीवरून पुढं जायचा, मागं यायचा. धरूनच झोपायचे. मला ते बघवेना. मेलच्या ड्रायव्हरच्या हातात शेवटी शंटिंगचंच इंजिन यावं, अगदी खेळण्यातलंसुद्धा, म्हणजे दैवानं पाठ सोडायचीच नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मी बायकोला सांगितलं, ह्याचं मी मेलचं इंजिन करणार. खंडेनवमीला पाटावर त्यांची मेल पाहिजे.

“त्यांना आवडलंय हो,” ती म्हणाली. “राहू द्या ना तसंच.”

तुला रेल्वेतलं काय कळतं, असं म्हणून मी ते दादा झोपलेले असताना त्यांच्या हातातून सोडवून घेतलं.

ड्रॉइंग बोर्डावर मी मोठमोठी यंत्रं काढत होतो, पण हातानं खिळा ठोकला की बोट ठेचायचं. मॉडेल कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. फोटोवरून मी कागदावर मेलचं इंजिन काढलं आणि ते फार सुबक आलं. तिथंच घात झाला. कागदावर जमलं म्हणजे हातात जमलं, असं वाटणारी आमची जात. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या खोलीत पेपर पसरून मी बारीक करवतीनं पहिल्यांदा दोन्ही टाक्या कापल्या. मेलच्या इंजिनाला बगलेत टाक्या नसतात, पाणी मागं जोडलेल्या डब्यात, टेंडरमध्ये असतं. टाक्या गेल्यावर आतून बॉयलर निघेल अशी माझी समजूत. आत निघालं भगदाड आणि मोटर. टाकीमागं बॉयलर घडवायची तसदी कारखानदारानं घेतलीच नव्हती.

आता मागं फिरता येत नव्हतं. विजेच्या वायरिंगची प्लॅस्टिकची नळी कापून तिचा बॉयलर केला. गोळीसारख्या तोंडासाठी घर पालथं घातलं आणि शेवटी दादांच्या दाढीच्या ब्रशची मूठ कापली. आता न्हावी घरी येऊन त्यांची दाढी करायचा, त्यांना ब्रश लागत नव्हता. टेंडर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं. पुढच्या छोट्या चाकांसाठी माझ्या लग्नातल्या कोटाची बटणं गेली. हे सगळं एकमेकांना चिकटेना, आणि चिकटलं तिथं नखभर फटी राहिल्या. कारखान्यातल्या पेंटिंग खात्यातल्या एका दोस्तानं युक्ती सांगितली. त्याच प्लॅस्टिकचे तुकडे थिनरमध्ये टाकून ठेव, विरघळून मलम होतं, ते फटीत भर, वाळलं की दगड. मी कापलेल्या टाक्यांचे तुकडे करून काचेच्या बाटलीत टाकले. रिवेट दिसत होते तोवर बाटली हलवत राहिलो. मग काळा चिकट लगदा झाला आणि तो मी सगळ्या सांध्यांत भरला. युक्ती खरंच नामी होती. फक्त उरलेला थिनर मी रंगात मिसळला आणि त्यानं केबिनचं छप्पर खाल्लं. साय धरल्यासारखं ते सुरकुतलं. करायला गेलो गणपती आणि मारुती होऊ लागला होता. तरी मी घासत होतो, भरत होतो, पुन्हा घासत होतो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सुखात होतो. कॉटजवळ बसण्यापेक्षा करवत बरी वाटत होती.

याच सुमारास आतल्या खोलीत दादांचा डावा हात चादरीवर फिरू लागला. छातीवरून कुशीकडे, कुशीवरून उशीखाली, परत छातीवर. जागे असेपर्यंत हात थांबत नसे. बायकोला वाटलं ढेकूण झाले. तिनं गादी उन्हात टाकली, चादर बदलली. हात फिरतच राहिला. जुन्या गावातली एक म्हातारी दारावर मासळी घेऊन यायची. तिनं दारातूनच आत बघितलं आणि टोपली खाली ठेवली.

“चादर चाचपाया लागला म्हंजे मानूस वाटंला लागला हाय,” ती म्हणाली. “लेकीला बोलवून घ्या.”

डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनीही मान हलवली. असं होतं शेवटी शेवटी, म्हणाले. मी सोलापूरला ताईला तार केली आणि कामाचा वेग वाढवला. माणूस जाणार तर मेल बघून जाऊ दे, एवढा एकच ध्यास उरला होता. बायको एकदा म्हणाली, थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. मी म्हटलं, हे त्यांच्यासाठीच चाललंय.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ताई आली. माझी एकच बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. दादांनी तिला ओळखलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा डोळा कोरडाच राहिला. तिनं त्यांचा फिरता हात धरून ठेवला, तेव्हा तो तेवढ्यापुरता थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं कॉटसमोर पाट मांडला. दादांची हातोडी, पाना, सिग्नल दाखवायचा जुना हातदिवा, सगळं पुसून ठेवलं. झेंडूची फुलं वाहिली. ताईनं आणि मी उशा लावून दादांना बसतं केलं. मग मी बाहेरच्या खोलीतून मेल आणली आणि पाटाच्या मधोमध ठेवली. लांबून बरी दिसत होती. तोंड रुपेरी, त्यावर कागदाची चांदणी, गळ्यात चार फुलांची माळ. छप्पर सुरकुतलेलं होतं आणि बॉयलर किंचित डावीकडे गेला होता, पण ते फोटोतलंच इंजिन आहे हे कोणीही ओळखलं असतं.

दादा बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात पुढं केला. मी इंजिन उचलून हातात दिलं. अंगठा बगलेवर गेला आणि जिथं टाकी असायची तिथं नळीवरून घसरला. त्यांनी पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड वाकडं झालं, आधी नुसता आवाज आला, मग शब्द.

“टाक्या?”

मी वाकून मोठ्यानं सांगितलं, दादा, ही मेल आहे, तुमची मेल, ते बघा फोटोत. त्यांनी फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. पालथ्या हातानं इंजिन लोटलं. ते चादरीवर आडवं झालं आणि एक बटण निघून कॉटखाली गेलं.

“ही नको,” ते म्हणाले. “ही लांब नेते.”

मला काही कळेना. भ्रम झाला असं वाटलं. ताई मात्र पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिच्यावरच चिडलो, सणासुदीला काय हे, म्हटलं. ती मला बाहेरच्या खोलीत घेऊन आली.

“त्यांना कुणी उतरवलं नव्हतं रे,” ती म्हणाली. “आई गेल्यावर साहेबाच्या दारात उभं राहून त्यांनी स्वतः यार्ड मागून घेतलं. संध्याकाळी आपल्याजवळ घरी यायला मिळावं म्हणून. साहेब म्हणाला, वेडा झालास का.”

मग मला का नाही सांगितलं कुणी, असं मी विचारलं. तू लहान होतास, ती म्हणाली, तुला ओझं होईल म्हणून त्यांनी मला आईची शपथ घातली होती. पुढं तू मोठा झालास, पण शपथ सुटली नाही.

यार्ड आमच्या क्वार्टरच्या मागंच होतं. पाळी संपली की ते टाकीवालं इंजिन शेडकडे वळताना एक आखूड शिट्टी द्यायचं आणि ताई चुलीवर तवा ठेवायची. थोड्या वेळानं दादा यायचे. हात धुऊनही नखांत कोळसा राहायचा, त्याच हातांनी ताईच्या वेण्या घालायचे, मला पाढे म्हणायला लावायचे. मेलच्या वर्षांतले दादा मला घरात आठवतच नाहीत. मला जे काही वडील मिळाले ते त्या शंटिंगच्या इंजिनानं आणून दिले होते. ज्या वर्षांची मला लाज वाटत होती त्याच वर्षांत माझं सगळं बालपण होतं, आणि पाढे म्हणतानाही मी मनात ‘ढकल्या’ऐवजी मेलवाल्याचा मुलगा व्हायचं स्वप्न बघत होतो.

बायको दारात उभी राहून ऐकत होती.

“म्हणजे ते चादर चाचपत नव्हते,” ती म्हणाली. “शोधत होते.”

मी कॉटवरून इंजिन उचलून आणलं आणि तिथंच जमिनीवर बसून मोडायला घेतलं. नवशिक्याचं काम, मोडायला वेळ लागला नाही. टेंडर निघालं, बटणं निघाली, बॉयलरची नळी उपटून आली. दादांच्या ब्रशची मूठ मात्र हलेना. तिच्याभोवती आणि केबिनच्या सांध्यांत तो काळा लगदा दगड होऊन बसला होता. सगळ्या कामात तेवढंच एक पक्कं झालं होतं. ताई म्हणाली, टाक्या कुठं ठेवल्यास, दे, मी चिकटवते. मी तिला तो सांध्यातला काळा पट्टा दाखवला. ह्याच टाक्या, म्हटलं. तिला समजावून सांगायला मला फार वेळ लागला.

शेवटी पुठ्ठ्याच्या दोन पेट्या करून, काळा रंग देऊन मी बगलांना बांधल्या आणि ते दादांच्या हातात दिलं. त्यांनी घेतलं. छातीवर धरलं. अंगठा पुठ्ठ्यावर ठेवला, एकदा पुढं नेला, एकदा मागं आणला. पुठ्ठ्यावर रिवेट नव्हते. त्यांनी ते फेकलं नाही की लोटलं नाही. नुसतं हळूच बाजूला, उशीपाशी ठेवलं. एखाद्यानं दिलेली वस्तू आपली नाही हे कळल्यावर माणूस ठेवतो तसं.

ताईनं त्यांना पाणी पाजलं. बायकोनं पाटावरची फुलं गोळा केली. दादांचा डावा हात पुन्हा चादरीवर फिरायला लागला होता, छातीवरून कुशीकडे आणि कुशीवरून उशीखाली. कोजागिरीच्या आधी तो कायमचा थांबला, तोवर मी कॉटजवळ बसून होतो.