कूस बदलायला दोन माणसं

माझ्या मुलाला अपघात झाला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. रोह्यातच एका कंपनीत ऑपरेटर होता. त्या दिवशी पहिली शिफ्ट संपवून घरी आला, जेवला आणि म्हणाला, "बाबा, खांबला एक चक्कर टाकून येतो." खांब गावात आमची थोडी जमीन आहे. भात निघाला की तिच्यात वाल पेरतो. त्या दिवशी वाल उपटायला माणसं लावली होती. जाताना बायकोला सांगून गेला की संध्याकाळी चहाबरोबर भजी कर.

हायवेवर मोटारसायकल घसरली. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं.

आधी पनवेल, मग मुंबई. डोक्याची दोन ऑपरेशनं झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "जीव वाचलाय. बाकीचं आता हळूहळू." आम्ही तो 'हळूहळू' शब्द घेऊन रोह्याला आलो. पुढची दोन वर्षं येईल त्याला आम्ही तोच शब्द सांगत होतो.

मी पेणला सरकारी कचेरीत कारकून होतो. रोज रोह्याहून जाऊन-येऊन नोकरी केली आणि निवृत्त झालो, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझी बायको कासूच्या बाजूची, शेतकऱ्याची मुलगी. लहानपणापासून डोक्यावर भारे वाहिलेली, त्यामुळे अंगात ताकद भरपूर. मुलाला अँब्युलन्समधून उतरवलं तेव्हा शेजारची माणसं त्याला उचलून आत आणत होती, तर ती म्हणाली, "पाय मला द्या." मधल्या खोलीत खिडकीजवळ पलंग टाकला होता. त्यावर त्याला ठेवलं, आणि घरातल्या बाकी सगळ्या वस्तू हळूहळू त्या पलंगाच्या सोयीने सरकत गेल्या.

त्याची उजवी बाजू गेली होती. गिळायला वेळ लागायचा. आणि बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला होता, 'चल'. भूक लागली तरी चल, दुखलं तरी चल, राग आला तरी चल. का तोच, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आम्हाला सवयीने आवाजावरून कळायला लागलं. भुकेचा 'चल' लांबायचा, दुखण्याचा मध्येच तुटायचा.

नात तेव्हा चार वर्षांची होती. तिला हे कसं कळणार? बाप आतून ओरडायचा, "चल!" की ती दारातल्या चपला घालून पलंगाशी जाऊन उभी राहायची. "कुठे जायचं, बाबा?" तो तिच्याकडे बघून पुन्हा म्हणायचा, "चल." ती बराच वेळ तशीच उभी राहायची. मग सूनबाई येऊन तिच्या चपला काढायची. असं पुष्कळ दिवस चाललं. पुढे ती जायची बंद झाली. नंतर नंतर तो आवाज आला की कानांवर हात ठेवून कपाटाच्या आडोशाला बसायला लागली.

सूनबाई पेणची. तिने नवऱ्याचं सगळं केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. नळीतून भरवण्यापासून गू-मूत काढण्यापर्यंत. पहिलं वर्षभर एक फिजिओथेरपीवाला यायचा. तो म्हणाला होता, डाव्या हाताला काम द्या. म्हणून माझी बायको भिजवून मोड आणलेले वाल त्याच्या पुढ्यात ठेवायची. डाळिंब्या सोलायला. तो एखादी सोलायचा, दोन-तीन चिरडायचा, मग ताटलीच भिरकावून द्यायचा. सासू-सुना मिळून जमिनीवरचे वाल वेचायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटली मांडायच्या. त्या चिरडलेल्या डाळिंब्यांचं बिरडं आम्ही किती खाल्लं त्याला गणती नाही.

मग एके दिवशी त्या फिजिओथेरपीवाल्याने मला अंगणात बोलावून सांगितलं, "काका, आता सुधारायचं नाही. आहे ते टिकवायचं. त्यासाठी मी कशाला लागतो? तुम्हाला सगळं जमतं." भला माणूस होता. त्याला नुसतं येत राहता आलं असतं.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी माझी बायको सुनेला म्हणाली, "जा गो तू पेणला."

दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी बाहेर पेपर वाचत होतो. मला वाटलं बाजाराला पाठवतेय.

"काय आणायचं आई?"

"आणायचं नाय काय. पोरीला घे नि माहेरी जा. तिकडेच शाळेत घाल तिला."

 मग सूनबाईचा आवाज आला. "आई, तुम्ही मला हाकलताय?"

"हाकलत नाय. पोर बापाला भितंय. झोपेत दचकतंय. तू बघतेस ना? माझं झालंय सगळं जगून. तुझं व्हायचं हाय."

"आणि ह्यांचं?"

"त्याला आई हाय."

मी उठून आत गेलो. म्हटलं, "हे काय चालवलंयस? लोक काय म्हणतील? आणि आपल्याला एकट्यांना झेपणार आहे का?"

बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही. "लोक येतात काय त्याला उचलायला?" एवढंच म्हणाली. सूनबाई भिंतीला टेकून रडत होती. ती लगेच गेली नाही. पावसाळाही तिने आमच्याकडे काढला, आणि पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू होताना गेली. तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला होता. निघताना ती मधल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून एकदाच "चल" ऐकू आलं. बाहेर आली ती सरळ टेम्पोत जाऊन बसली. नातीने आम्हाला हात केला.

सुरुवातीला सूनबाई दर रविवारी यायची, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. पेणला एका दुकानात नोकरी धरली. दुसरं लग्न तिने केलं नाही. का, ते आम्ही विचारलं नाही.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती एकसारखी होती. सकाळी आंघोळ, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, छातीला कापडी पट्टा बांधून. मग पेज. मग कूस बदलायची. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन-अडीच तासांनी कूस बदलावीच लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. आम्ही त्याच्याखाली दुहेरी चादर घालून ठेवायचो. बायको एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. ती म्हणायची, "हं," की दोघांनी एकदम ओढायचं. त्यापायी आम्ही लग्नाकार्यांना जाणं सोडलं. गेलो तर एकटं कोणी तरी, तेही शेजाऱ्याला घरी बसवून, जेवणाआधी परत. नातेवाईक आधी खूप यायचे. कोणी तेल सांगायचं, कोणी देवस्थान. आम्ही तेलं लावली, नवसही केले. मग त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि येणं कमी झालं. मी त्यांना दोष देत नाही. त्या खोलीत बसून काय बोलावं, ते मलाही कधी सुचलं नाही.

तो मात्र कोणी आलं की खूश व्हायचा. नवीन चेहरा दिसला की डाव्या बाजूने हसायचा.

एका वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या लक्षात आलं की बायको पलंगाची बाजू बदलून उभी राहायला लागलीय. इतकी वर्षं भिंतीकडे उभी राहणारी बाई आता खिडकीकडे येते आणि उजव्याच हाताने ओढते. विचारलं तर म्हणाली, "खांदा धरलाय." मी बाम आणून दिला. ती बाम लावायची, मी वास घ्यायचो, आणि मला ते खरं वाटायचं.

मग एकदा मी दोरीवरचे कपडे काढत होतो. टॉवेलखाली तिचा ब्लाउज दडवून वाळत घातला होता. डाव्या बाजूला डाग होता, धुऊनही न गेलेला. मी तो हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"हे काय?"

तिने ब्लाउज माझ्या हातातून घेतला. "गाठ हाय. फुटलीय आता."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून."

  "आणि तू बोलली नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुमी मला मुंबईला घेऊन गेला असतात. मग ह्याच्याजवळ कोण?"

हे ती वर्षभर आधीच ताडून बसली होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पसरलंय, पण औषधं देऊन बघू. मुलाला कुठे ठेवायचं? पेणजवळ अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था होती. मी जाऊन बघून आलो. स्वच्छ जागा, बोलायला चांगली माणसं. पण पलंग पुष्कळ आणि हात थोडे. तरी ठेवला. दुसरा काही इलाज नव्हता. सूनबाई दुकान सुटलं की त्याला बघून यायची आणि मला फोनवर सांगायची, "बाबा, बरे आहेत." कसं सांगणार होती दुसरं काही?

बायकोची औषधं दोन महिने चालली. केस गेले, तोंड सोललं. आम्ही परत आलो आणि मुलाला घरी आणला. आंघोळीसाठी त्याला वळवलं, तर माकडहाडापाशी मूठ जाईल एवढी जखम. इतक्या वर्षांत आम्ही त्याच्या पाठीला साधं खरचटू दिलं नव्हतं. बायको जखमेकडे बघत राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "मला आता कुठं न्यायचं नाय."

"अगं, अजून औषध बाकी आहे."

"असू दे. नाय म्हटलं ना."

मी खूप सांगून पाहिलं. सूनबाई पेणहून आली, तिने सांगितलं. रजा काढून राहते म्हणाली. बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू आलीस ते बरं झालं गो," म्हणाली, आणि विषय संपवला.

मग मधल्या खोलीत दुसरी खाट आली. पलंगावर मुलगा, खाटेवर त्याची आई. मी दोघांमध्ये स्टूल घेऊन बसायचो. एकाला पेज भरवायची, मग दुसऱ्याला. ती पडल्या पडल्या मला सांगायची, "त्याची उशी सरकलीय," "माशी बसलीय बघा." एका दुपारी ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "माझ्या आधी जाशील काय रे बाबा?"

मला ते ऐकून धक्का बसला नाही. मीही मनातल्या मनात हेच म्हणत होतो. फक्त मोठ्याने म्हणायची छाती तिची होती.

तो तिच्याकडे बघून म्हणाला, "चल."

तो त्याचा नेहमीचाच शब्द होता. त्यात अर्थ शोधू नये, हे मला कळतं.

ती श्रावणात गेली, भर दुपारी. बाहेरच्या खोलीत ठेवली होती. पुतण्याने विचारलं, "काका, दादाला शेवटचं दाखवायचं का?" मी म्हटलं, आणा. चौघांनी खुर्चीसकट त्याला बाहेर आणलं. खोली माणसांनी भरलेली होती. कितीतरी वर्षांत त्याने एवढी माणसं एकत्र बघितली नव्हती. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हसायला लागला. आईकडे त्याचं लक्षच गेलं नाही. बायकांचं रडणं एकदम थांबलं. नात तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. ती उठली, खुर्चीमागे गेली आणि म्हणाली, "यांना आत घ्या ना कोणीतरी."

अग्नी पुतण्याने दिला.

दिवस झाले, माणसं पांगली. सूनबाई एक दिवस जास्त राहिली. सकाळी चहा करताना पाठमोरी उभी राहून म्हणाली, "बाबा, मी येऊ का परत?"

"नको," मी म्हटलं.

ती गॅसकडेच बघत होती. मीही चहाच्या भांड्याकडे बघत राहिलो. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला बघायचं नव्हतं. तिने कप माझ्यापुढे ठेवला, साखर किती घातली ते सांगितलं, आणि दुपारच्या गाडीने गेली.

आता सकाळी एक बाई येते. तिच्या मदतीने आंघोळ होते, एकदा कूस बदलून होते. ती गेली की दिवसभर मी एकटा. चादर एका बाजूने ओढतो, मग फिरून दुसऱ्या बाजूला जातो आणि उशी लावतो. पूर्ण वळत नाही तो. मला हर्निया आहे, त्याचं ऑपरेशन करायचं तर आठवडाभर पडून राहावं लागेल म्हणतात, म्हणून पट्टा लावतो. माझ्यामागे ह्याचं काय, हा विचार मी पूर्वी रोज करायचो. आता करत नाही. त्यातून काही निघत नाही.

परवा डॉक्टर येऊन गेले. मुलाचं बीपी बघितलं, छाती तपासली, पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग केलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून खुशीत म्हणाले, "काका, कमाल आहे तुमची. हार्ट एकदम ठणठणीत आहे ह्याचं. अजून वीस वर्षं काही होत नाही."

मी त्यांना चहा घेणार का विचारलं.